टाइट मेटल टोनसाठी कॅबिनेटचे स्पीकर निवडताना या चुका टाळा

मेटल वाजवणारा गिटारिस्ट ‘टोन टाइट हवा’ असे म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा एकच गोष्ट हवी असते. पाम म्यूट केलेला स्वर तळव्याने जिथे दाबला तिथेच कॅबिनेटमधूनही, म्हणजे स्पीकरच्या पेटीतूनही, थांबावा, आणि वेगाने मारलेल्या डाउनस्ट्रोकांच्या रांगेतला प्रत्येक स्ट्रोक सुटा ऐकू यावा. स्पीकर विकत घेताना मात्र ही व्याख्या बाजूला पडते. भरपूर बास किंवा भरपूर वॅट म्हणजेच टाइटपणा असे धरून पैसे खर्च होतात, आणि नवे स्पीकर बसवल्यावर रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा सुरांचा तुकडा) पूर्वीइतकाच गढूळ राहिला की खापर कंपनीवर फुटते.

दोष स्पीकरमध्ये आहे का, हे आधी ठरवा

काही वर्षांपूर्वी मी माझ्या दोन बाय बाराच्या, म्हणजे बारा इंची दोन स्पीकरांच्या, कॅबिनेटमधले दोन्ही स्पीकर बदलले आणि जाडी तार जुन्यापेक्षाही पोकळ वाजू लागली. आठ दिवस अँपच्या बटणांशी झटापट केल्यावर मागची फळी उघडली, तेव्हा एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडलेल्या दिसल्या. सोल्डरिंग मीच केले होते, त्यामुळे तक्रार करायला दुसरे कोणी नव्हते. एक कोन (स्पीकरचा शंकूच्या आकाराचा पडदा) पुढे जात असताना दुसरा मागे जात असेल, तर दोघांनी हलवलेली हवा एकमेकांना खोडून काढते. हा परिणाम खालच्या स्वरांवर सर्वांत जास्त होतो, कारण तिथे ध्वनिलहरीची लांबी दोन स्पीकरांमधल्या अंतराच्या कितीतरी पट असते.

ही तपासणी घरच्या घरी होते. अँपपासून केबल काढा, तिचे एक टोक कॅबिनेटमध्येच राहू द्या आणि मोकळ्या प्लगच्या टोकाला साध्या दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचे धन टोक व प्लगच्या दांड्याला ऋण टोक क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा बारीक आवाज येईल आणि कोन किंचित हलतील. समोरच्या जाळीच्या कापडाआडून ते दिसत नसेल, तर मागची फळी काढून पाहा. मागून पाहताना सगळे कोन तुमच्यापासून दूर, म्हणजे बाहेरच्या दिशेला, जायला हवेत. एक जरी उलट्या दिशेने हलला तरी दुखणे सापडले. त्याच्या दोन तारांची अदलाबदल केली की काम झाले.

त्यानंतर मागच्या फळीकडे वळा. बंद पाठीच्या कॅबिनेटचा टाइटपणा आत कोंडलेल्या हवेवर अवलंबून असतो. ती हवा कोनाला मागून स्प्रिंगसारखा आधार देते आणि त्याचे भरकटणे आवरते. फळीचे स्क्रू सैल असतील किंवा जॅकच्या पत्र्याभोवती फट असेल, तर तो आधार गळतो आणि वर फरफर ऐकू येते ती निराळीच. मुंबई आणि कोकणात पार्टिकल बोर्डच्या स्वस्त कॅबिनेटांना पावसाळा विशेष बाधतो. लाकडाचा भुसा दाबून केलेली ती फळी ओल धरून फुगते आणि स्क्रूची भोके भुसभुशीत होतात. कुणाला तरी खालचा स्वर वाजवायला सांगून सांध्यांवरून हाताचा तळवा फिरवला, तर हवेची झुळूक नेमकी कुठून येते ते लगेच कळते. दारा-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी अशा वेळी नव्या स्पीकरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

गिटारच्या तारा आणि गेन (अँपमध्ये सिग्नल किती चढवायचा ते) यांचाही हिशेब याच टप्प्यावर करावा. दहा ते शेहेचाळीसचा (इंचाच्या हजाराव्या भागांतली जाडी) संच लावून ड्रॉप सी, म्हणजे सहावी तार सी स्वरापर्यंत उतरवणारे, ट्यूनिंग केले, तर सहावी तार इतकी ढिली पडते की स्ट्रोकच्या जोराने स्वर क्षणभर वर चढतो, आणि जगातला कोणताही स्पीकर ती घसरण लपवू शकत नाही. गेनच्या बाबतीत जुना उपाय अजूनही चालतो. ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल अँपच्या पुढे ठेवायचा, त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवायची. या पेडलच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग विरूपणाच्या (डिस्टॉर्शनच्या) टप्प्यात कमी उचलला जातो, त्यामुळे अँपच्या प्रीअँपमध्ये बास शिरून चिखल होत नाही. एवढ्याने रिफ सुटा झाला, तर स्पीकरचे पैसे वाचले.

खोल बास शोधण्याची चूक

सात तारांच्या गिटारवरची सर्वांत खालची बी तार ६१.७ हर्ट्झवर कंप पावते आणि ड्रॉप सीमधली सहावी ६५.४ हर्ट्झवर. हे आकडे वाचून अनेक जण इतक्या खाली उतरणारा स्पीकर शोधू लागतात. गिटारच्या बहुतेक बारा इंची स्पीकरांचा रेझोनन्स (ज्या वारंवारतेवर कोन सर्वांत सहज डोलतो ती) मात्र त्याच्या वर असतो. सेलेशन या स्पीकर कंपनीच्या माहितीपत्रकांप्रमाणे तिच्या व्हिंटेज ३० या मॉडेलचा तो ७५ हर्ट्झ आणि जी१२टी-७५ व जी१२के-१०० यांचा ८५ हर्ट्झ आहे. बंद पेटीत बसवल्यावर तो आणखी वर सरकतो. याचा अर्थ असा की बी तारेचा मूळ स्वर कॅबिनेटमधून मुळातच दबलेला येतो आणि आपल्याला जे ऐकू येते तो मुख्यतः १२३.५ हर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा उपस्वर) आणि त्याच्या वरचे हार्मोनिक असतात.

ही उणीव भरून काढण्याच्या मागे लागू नये, कारण त्या जागेचा मालक वेगळा आहे. बेस गिटार एक सप्तक खाली, ३०.९ हर्ट्झवर, तोच स्वर वाजवत असतो आणि त्याचा दुसरा हार्मोनिक बरोबर ६१.७ वर पडतो. बेस ड्रमचा ठोकाही तिथेच आसपास असतो. गिटारने तिथे हात घातला की तिघांचाही काला होतो. पाम म्यूटचा छातीत बसणारा ठोका साधारण १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि स्पीकरकडून मागायचे ते याच पट्ट्यातले नियंत्रण: ठोका यावा आणि गुंजत न राहता लगेच विरावा.

इथे पेटीचे घनफळ स्पीकरच्या नावाइतकेच महत्त्वाचे ठरते. पेटी फार लहान असेल, तर आतल्या हवेची स्प्रिंग ताठर होते, रेझोनन्स वर चढतो आणि नेमक्या ठोक्याच्या पट्ट्यात एक फुगवटा तयार होतो. प्रत्येक पाम म्यूटला ‘बूं’ असा एकाच सुराचा घुमार येतो. मेसा बूगीच्या रेक्टिफायर हेडसोबतचे मोठ्या आकाराचे चार बाराचे कॅबिनेट आणि घरी वापरायची एका बाराची छोटी पेटी या दोन्हींत व्हिंटेज ३० च असला, तरी दोन्हींची वागणूक सारखी असेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. उघड्या पाठीच्या कॅबिनेटमध्ये तर कोनामागे हवेची गादीच नसते. ब्लूज वाजवणाऱ्यांना तो मोकळेपणा आवडतो, पण ड्रॉप सीसाठी मी ते कधीही सुचवणार नाही.

ट्यूब अँपवर डेप्थ किंवा रेझोनन्स नावाचे बटण असेल, तर नवा स्पीकर ऐकताना ते आधी खाली आणावे. ट्यूब अँपची कोनावरची पकड सॉलिड स्टेट अँपच्या तुलनेत सैल असते आणि हे बटण ती नेमकी स्पीकरच्या रेझोनन्सपाशी आणखी सैल करते. एकट्याने सराव करताना तो भारदस्तपणा मोहात पाडतो, ड्रमर आला की त्याचाच चिखल होतो.

वॅट आणि डेसिबल यांची गल्लत

स्पीकरचे वॅट हा त्याच्या सहनशक्तीचा आकडा आहे. आवाज किती मोठा होईल ते संवेदनशीलतेवर, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात यावर, ठरते. व्हिंटेज ३० साठ वॅटचा असून १०० डेसिबल देतो, तर पंचाहत्तर वॅटचा जी१२टी-७५ सत्त्याण्णव. तीन डेसिबलचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तो भरून काढायला अँपची शक्ती दुप्पट करावी लागते.

सहनशक्तीकडेही काणाडोळा करून चालत नाही. पूर्ण चढवलेला ५० वॅटचा ट्यूब अँप विरूपित अवस्थेत छापील आकड्यापेक्षा बरीच जास्त शक्ती ढकलतो, म्हणून त्याच्यासमोर साठ वॅटचा एकच स्पीकर ठेवणे म्हणजे काठावरून चालणे. दोन असले की निर्धास्त. सेलेशनचा पंचवीस वॅटचा ग्रीनबॅक याच कारणाने मेटलला अडचणीचा ठरतो. जोर वाढवला की त्याचा कोन स्वतःच विरूप होऊ लागतो, जे जुन्या रॉकमध्ये गोड लागते, पण आधीच तुडुंब गेन असलेल्या रिफच्या कडा पुसून टाकते. जड चुंबकाचे आणि मोठ्या व्हॉइस कॉइलचे (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचे) स्पीकर मेटलवाल्यांना आवडतात ते जोरातही कोरडे राहतात म्हणून. इलेक्ट्रो-व्हॉइसचा ईव्हीएम१२एल हे त्याचे टोकाचे उदाहरण. २०० वॅटचा हा स्पीकर वजनाला व्हिंटेज ३० च्या जवळपास दुप्पट आहे, आणि असे चार असलेले कॅबिनेट तिसऱ्या मजल्यावरच्या सरावखोलीत चढवायची वेळ आली, तर बँडमधली मैत्री पणाला लागते.

ओहमचा हिशेब ऑर्डर देण्याआधी

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण सोल्डर केलेला स्पीकर दुकानदार परत घेत नाही. दोन बाराच्या कॅबिनेटसाठी आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर घेतले, तर पॅरललमध्ये ४ आणि सीरिजमध्ये १६ ओहम मिळतात; ८ कधीच मिळत नाहीत. ज्याच्या अँपला फक्त आठ ओहमचा जॅक आहे, त्याने सोळा ओहमचे दोन घेऊन पॅरलल जोडावेत. सारख्या ओहमचे चार स्पीकर सीरिज-पॅरलल जोडले की एकाचे जितके तितकेच एकूण राहतात. सॉलिड स्टेट अँपला त्याच्या किमान मर्यादेपेक्षा कमी ओहम देऊ नयेत आणि ट्यूब अँप स्पीकरविना कधीही चालू करू नये. गिटारची शिल्डेड केबल स्पीकरसाठी वापरण्याचा मोहही टाळावा; ती एवढ्या प्रवाहासाठी बनलेली नसते.

जोडी जुळवताना

दोन वेगळे स्पीकर एकत्र बसवण्याची पद्धत चांगली आहे. व्हिंटेज ३० दोन ते तीन किलोहर्ट्झच्या आसपास पुढे येतो, जी१२टी-७५ मधल्या पट्ट्यात मागे राहतो, म्हणून दोघे एकमेकांची भर करतात आणि चार बाराच्या कॅबिनेटमध्ये ते तिरके, फुलीच्या आकारात बसवले जातात. तीन डेसिबलच्या फरकामुळे या जोडीत व्हिंटेज ३० वरचढ राहतो, हे मात्र गृहीत धरावे. माझी पसंती व्हिंटेज ३० सोबत जी१२के-१०० ला आहे. त्याची संवेदनशीलता ९९ डेसिबल असल्याने तो मागे पडत नाही आणि खालचा भाग घट्ट धरून ठेवतो. वॅटचा हिशेब नेहमी दुबळ्या गड्यावरून करावा, कारण सारख्या ओहमच्या दोन स्पीकरांत शक्ती समान वाटली जाते. साठ आणि पंचवीसची जोडी पंच्याऐंशीची न होता पन्नासचीच राहते. ओहम मात्र कधीही मिसळू नयेत, कारण ८ आणि १६ पॅरलल जोडले, तर आठवाला दुप्पट शक्ती खेचतो.

घाईने दिलेला निकाल

व्हिंटेज ३० १९८६ पासून बाजारात आहे, आणि नव्याकोऱ्या व्हिंटेज ३० ला पहिल्याच संध्याकाळी ‘कर्कश’ ठरवणारेही तेव्हापासून असावेत. नव्या स्पीकरच्या कोनाची कडा आणि आतला स्पायडर (कोनाला मध्यभागी धरून ठेवणारी चकती) ताठ असतात. काही तास बऱ्यापैकी जोरात वाजल्यावर ते सैलावतात आणि वरची धार थोडी उतरते. शिवाय बारा इंची कोन वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ फेकतो. कॅबिनेट जमिनीवर असेल आणि आपण शेजारी उभे असू, तर तो झोत पोटऱ्यांवर पडतो, आपण ट्रेबल वाढवत जातो आणि समोर बसलेल्याचे कान किटतात. कॅबिनेट खुर्चीवर चढवा किंवा मागे कलते ठेवा, मगच निकाल द्या.

मॉडेलर (अँपची डिजिटल नक्कल करणारे यंत्र) वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: खऱ्या गिटार कॅबिनेटमध्ये सिग्नल देताना आतले कॅब सिम्युलेशन, म्हणजे कॅबिनेटची नक्कल, बंद आहे का? ते चालू राहिले की एका कॅबिनेटमधून दुसरे ऐकल्यासारखा घोंगडीखालचा आवाज येतो, आणि त्यावर कोणताही नवा स्पीकर उपाय नाही.

तुलना करायचीच असेल, तर चार बाराच्या कॅबिनेटमध्ये सुरुवातीला एकच स्पीकर बदलावा. तो जुन्यांच्याच ओहमचा असावा. एसएम५७ सारखा माइक जुन्या स्पीकरच्या डस्ट कॅपच्या (कोनाच्या मधोमध असलेल्या टोपीच्या) कडेशी लावून जाळीवर चिकटपट्टीने खूण करावी, एक रिफ रेकॉर्ड करावा, मग माइक नव्या स्पीकरच्या तशाच जागी नेऊन तोच रिफ पुन्हा वाजवावा. दोन्ही ट्रॅक ऐकण्याआधी सारख्या आवाजावर आणावेत, नाहीतर जो मोठा तोच सरस वाटेल. मग गिटार विसरून फक्त दोन स्ट्रोकांमधली शांतता ऐकावी.