स्वाइन फ्लूवर थिसिस घेताय? आधी आजाराचा दिवस विचारा

नागपुरात मेडिसिनला नव्याने रुजू झालेल्या जेआर-वनसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांसाठी, हे लिहितेय. भरती झालेल्या स्वाइन फ्लूच्या रुग्णांची लक्षणं काय आणि शेवटी त्यांचं काय झालं, हा माझ्या थिसिसचा विषय होता. रेकॉर्ड रूममधून केस पेपर काढायचे आणि तक्ता भरायचा, असं मी धरून चालले होते.

पेपरांत ताप, खोकला, घसादुखी, धाप, काहींना उलट्या-जुलाब, सगळं नोंदलेलं होतं. ताप कधीपासून? 'चार दिवस'. पान उलटावं तर पुन्हा तेच. ओसेल्टामिविर हे या फ्लूवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर फायदा सर्वांत जास्त. म्हणजे आजाराचा कितवा दिवस, हा माझा मुख्य रकानाच अंदाजावर उभा होता. त्यातले काही पेपर तर माझ्याच अक्षरातले, रात्रीच्या ऑन कॉलचे. फार वाईट वाटलं.

त्यानंतर मी सणावारावरून विचारू लागले. उमरेडकडच्या एक काकू ऑक्सिजन मास्कवर होत्या, दोन शब्दांनी थांबत. त्याही 'चार दिवस' म्हणाल्या. विचारलं, "काकू, पोळ्याला बऱ्या होत्या?"

"पोळ्याला पुरण वाटलं जी मी. तान्ह्या पोळ्याला नातवाचा नंदी सजवला... अन् रातच्याला हुडहुडी भरली."

बोटांवर मोजलं, आठवा दिवस निघाला. मधले दिवस गावात सलाईन घेण्यात गेले होते. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. या आजारात त्या बहुधा नॉर्मल किंवा कमीच असतात, त्यावर विसंबू नका. घशाचा स्वॅब गेला, पण रिपोर्टची वाट न पाहता ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लगेच सुरू केलं. काकू वाचल्या. त्यांच्याच वॉर्डातली, मधुमेह असलेली एक बाई एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं निकामी होण्याच्या गंभीर अवस्थेत गेली. तिचा केस पेपर भरताना माझा हात थांबला होता.

श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. तुमच्या आधी सगळ्यांनी २० लिहिलेलं असेल. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, शक्यतो ऑक्सिजन लावण्याआधीचं घ्या. गरोदरपणाचा महिना, दमा, वजन विसरू नका.

निकालाच्या रकान्यात 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज, वेगळा ठेवा. नातेवाईक सही करून छिंदवाड्याला किंवा गोंदियाला घेऊन गेले, म्हणून तो रुग्ण बरा झाला असं होत नाही. फोन करा, विचारा. आणि मृत्यूचं प्रमाण मांडताना हे स्पष्ट लिहा, की हे भरती झालेल्यांचं आहे. सरकारी वर्गवारीतले सौम्य ताप असलेले ए वर्गातले रुग्ण घरीच बरे होतात, त्यांची तपासणीही होत नाही. माझ्या गाईडने पहिला मसुदा याच एका वाक्यासाठी परत केला होता, आणि ते बरोबर होतं.