मराठी वेबपान हलकं केलं, ते असं

आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, कॅशे (ब्राउझरने आधीच साठवलेल्या फाइली) बंद करा आणि फाइली आकारानुसार लावा. मजकूर क्वचितच दोषी असतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, तरी जीझिप किंवा ब्रॉटली हे फाइल दाबून लहान करण्याचे प्रकार लावले की लेख आक्रसतो. ब्राउझरने पान मागितल्यावर पहिल्या फेरीत सर्व्हर साधारण १४ केबी पाठवतो. लहान लेख त्यात सहज मावतो.

खरा भार फॉन्टचा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट जड होतो आणि प्रत्येक वजनाची (साधं, ठळक अशा जाडीची) सहसा वेगळी फाइल उतरते. इथे वेबफॉन्ट, म्हणजे पानासोबत उतरणारा फॉन्ट, सरळ काढून टाकला. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, विंडोजवर निर्मला यूआय, आयफोनवर कोहिनूर देवनागरी आधीपासून असतोच, आणि तिन्ही उत्तम वाचता येतात. ओळींमधलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ठेवा. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच हवं, नाहीतर शिरोरेषा तुटते.

स्वतःचाच फॉन्ट हवा असेल तर फॉन्टटूल्स या साधनाने नको असलेली चिन्हं छाटून वॉफ-२ या वेबसाठीच्या आटोपशीर फॉन्ट-प्रकारात बदला. छाटताना झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) किंवा जोडाक्षरांचे नियम गेले, की ‘तऱ्हा’, ‘क्ष’ विस्कटतात. रुपयाचं चिन्ह, अवतरणचिन्हं राखायलाही विसरू नका.

बाकीचं झटपट झालं: फोटो वेबपी या हलक्या प्रकारात, रुंदी-उंची लिहून, म्हणजे मजकूर उड्या मारत नाही. स्लायडर आणि शेअर बटणांच्या स्क्रिप्ट काढल्या. मेनूला साध्या लिंका पुरतात.