पुणे विद्यापीठात प्रवेश घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक अर्ज भरण्याआधीच होते: दार चुकतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ सालचं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला संलग्न. पण प्रवेश एकाच खिडकीतून होत नाहीत. गणेशखिंडीतल्या मुख्य आवारातल्या विद्यापीठाच्या विभागांत एमए, एमएस्सी करायचं तर विद्यापीठाच्या पोर्टलवर अर्ज आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश परीक्षा. इंजिनिअरिंग, लॉ, एमबीए, बीएड हे सीईटी सेलकडे, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडे. फर्ग्युसनसारखी स्वायत्त कॉलेजं आपले अर्ज आपण घेतात. सीओईपी हे पुण्यातलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज तर २०२२ पासून वेगळंच विद्यापीठ आहे. एकीकडे अर्ज केला म्हणून दुसरीकडे नाव लागत नाही.

दुसरा घोळ नॉन-क्रिमिलेअरचा, म्हणजे ओबीसीसारख्या आरक्षणासाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या मर्यादेच्या दाखल्याचा. दाखल्याच्या तळाशी 'वैध ३१ मार्चपर्यंत' असं असतं, त्यापुढचं वर्ष कुणी वाचतच नाही. याच वर्षीचा मार्च असेल तर जूनमध्ये तो दाखला निव्वळ कागद. आणखी एक मेख: केंद्राच्या परीक्षांसाठी काढलेला ओबीसी दाखला वेगळ्या नमुन्यातला असतो. इथे राज्याच्या नमुन्यातलाच लागतो. निकालानंतर सेतू केंद्रात झुंबड उडते, त्यामुळे एप्रिल-मेमध्येच नवा काढून घ्या.

बाहेरच्या विद्यापीठातून येणारे टीसी आणतात आणि मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला, विसरतात. टीसी कॉलेज देतं, मायग्रेशन आधीचं विद्यापीठ देतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून बीएस्सी केलं असेल तर मायग्रेशनचा अर्ज त्याच विद्यापीठाकडे करावा लागतो, पुण्यात नाही. ते नसेल तर प्रवेश झाला तरी विद्यापीठाची पात्रता (एलिजिबिलिटी) अडकते, आणि हे कळतं ऐन परीक्षा फॉर्मच्या वेळी.

नावाचंही बघा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एवढं चालून जातं. पण 'स्वप्नील'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे आय आणि दुसरीकडे डबल ई असेल, तर आधारवरून काढलेला एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) आणि मार्कशीट जुळत नाहीत. मार्कशीट बदलण्यापेक्षा आधार दुरुस्त करणं सोपं. म्हणून आधी ते करा, मग एबीसी आयडी काढा.

फी भरताना पैसे कापले गेले आणि स्क्रीनवर 'पेंडिंग' दिसलं, तर लगेच पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, थोड्या वेळाने लॉगिन करून स्थिती बघा. मुदतीच्या शेवटच्या रात्री मात्र एवढी वाट बघायला वेळच उरत नाही.