मीटरवर १२.६ दिसलं म्हणून डायनामो बदलू नका, नव्या गाडीत या चुका टाळा

भाऊ, आपल्या तालुक्याच्या गावांत सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो. गाडी चालू केली, मिस्त्रीनं बॅटरीला मीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले आणि लगेच सांगून मोकळा, बॅटरी चार्ज करणारा डायनामो गेला. जुन्या गाडीत हे बरोबर होतं कारण इंजिन चालू झालं की रेग्युलेटर १४ च्या आसपास देतच राहायचा. पण आता बऱ्याच गाड्यांत किती व्होल्ट काढायचे ते ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवते, बॅटरी बऱ्यापैकी भरली असली की ती मुद्दाम चार्जिंग खाली आणते म्हणजे इंजिनवर लोड कमी आणि तेल वाचते, आणि एक्सिलेटर सोडला की एकदम वर चढवते. चिखलदऱ्याहून परतवाड्याला येणाऱ्यांनी घाट उतरताना चार्जिंग सॉकेटमध्ये लावलेल्या व्होल्ट मीटरवर नजर टाकायला बाजूच्या माणसाला सांगा, अशा गाडीत १४.५ च्या वर गेलेलं दिसेल. तीच गाडी सरळ रोडवर १२.८ दाखवेल आणि दोन्ही बरोबर आहे.

मंग खरा फॉल्ट ओळखायचा कसा? हेडलाईट, ब्लोअर फुल, एसी सगळं चालू करा, थोडी रेस द्या आणि थांबून बघा. तरीही आकडा साडेबाराच्या खालीच घसरत चालला तर शंका घ्या. पण पक्कं सांगतो तो स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं मशीन. ईसीएम किती मागते आणि डायनामो किती देतो, हे दोन्ही त्यात दिसते. मागते १४.४ आणि येतात १२.३, तर गडबड आहे. मागतेच १२.६ आणि येतात १२.६, तर डायनामोचा काही दोष नाही, त्याला हात लावू नका.

उन्हाळ्याचं वेगळं. चंद्रपूर, अकोला इकडं मे महिन्यात ४५ च्या पुढं जाते, बोनेटखाली त्याहून जास्त. तापलेल्या बॅटरीला व्होल्टेज कमीच द्यावे लागते, १२ व्होल्टच्या बॅटरीला डिग्रीमागं साधारण ०.०२ धरा. म्हणून डिसेंबरात १४.२ आणि मेमध्ये १३.६ दिसलं तर घाबरू नका, आणि कोणी डायोड टाकून चार्जिंग वाढवून देतो म्हणाला तर नाही म्हणा, पाणी उकळून बॅटरी मरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा डबा असतो, तो सेन्सर, किती करंट गेला आणि किती आला ते मोजतो. आपल्याकडं लोक फवारणी पंपाची बॅटरी नाहीतर साउंड बॉक्स डायरेक्ट त्या टर्मिनलवर जोडतात, म्हणजे तो करंट मोजलाच जात नाही, ईसीएमला वाटते बॅटरी भरलेली आहे आणि सकाळी सेल्फ फिरत नाही. निगेटिव्ह नेहमी बॉडी अर्थवर घ्या. जंपर लावतानाही आणि घरच्या चार्जरलाही हाच नियम.

पंपाच्या बॅटरीचं अजून एक, ती लेड ॲसिड असली तर पूर्ण भरायला १४ च्या वर लागते आणि गाडी देते १२.८, मंग अर्ध्या वावरात पंप बसतो आणि लोक पंपवाल्याला बोलतात. लाइन असेल तेव्हा घरी चार्ज करा, नाहीतर मधे डीसी टू डीसी चार्जर लावा, तो गाडीचे कमी व्होल्ट वाढवून पंपाच्या बॅटरीला देतो.

चालू गाडीत टर्मिनल काढून डायनामो चेक करायची सवय तर कायमची सोडा! व्होल्टेज एकदम उसळते आणि ईसीएम जळू शकते, तिच्यापुढं डायनामो स्वस्त. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम नावाची जास्त दमाची बॅटरी येते, त्या जागी साधी टाकली तर लवकर जाते, आणि काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरनं नोंदवावी लागते, दुकानदाराला आधीच विचारून घ्या.

आणि डायनामो उतरवायच्या आधी बेल्ट बघा, मंग त्याच्या प्लगकडं येणारी बारीक वायर बघा. ईसीएमचा हुकूम त्याच वायरीतून जातो, आणि घरात कापूस भरला की उंदीर बोनेटमधे शिरतात, ती वायर कुरतडलेली निघाली तर नवा डायनामो बसवूनही तोच आकडा दिसेल.