विल्यम टेलर यांचं चरित्र लिहिताय? या चुका टाळा

मुंबई-पुण्यातल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांचा (चर्चचा) इतिहास लिहायला घेतला की सुरुवातीलाच अमेरिकन प्रचारक रेव्ह. विल्यम टेलर भेटतात. जन्म १८२१ चा, व्हर्जिनियातला. मृत्यू १९०२ मध्ये, कॅलिफोर्नियात. मंडळीच्या स्मरणिकेसाठी किंवा अभ्यासासाठी त्यांच्यावर लिहिताना त्याच त्या चुका होताना दिसतात.

पहिली चूक भलताच टेलर उचलण्याची. बॉस्टनला खलाशांसाठी प्रार्थनामंदिर चालवणारे एडवर्ड टेलरही मेथडिस्टच होते, आणि आपल्या टेलरांनीही सॅन फ्रान्सिस्कोत खलाशांसाठी तसंच मंदिर उभारलं होतं. त्यामुळे एकाचे किस्से दुसऱ्याच्या नावावर सर्रास चढतात. चीनमध्ये काम केलेले हडसन टेलर तर तिसरेच. आपले टेलर ओळखले जात ‘कॅलिफोर्निया टेलर’ म्हणून. १८४९ मध्ये, सोन्यासाठी माणसं लोटत होती तेव्हा, ते सॅन फ्रान्सिस्कोला पोचले आणि जुगाराच्या अड्ड्यांनी वेढलेल्या पोर्ट्समथ चौकात उभं राहून प्रवचनं करू लागले.

दुसरी चूक तारखेची. टेलर भारतात आले १८७० मध्ये, पण मुंबईत काम करायला नव्हे. मेथडिस्ट मिशनरी जेम्स थोबर्न यांच्या बोलावण्यावरून ते आधी लखनौला गेले. मुंबईत कामाला आले ते १८७१ च्या अखेरीस, आणि इथली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली त्यानंतर. ‘१८७० मध्ये मुंबईत स्थापना’ असं कुठे वाचलंत तर दोन घटना एकत्र झाल्यात असं समजा.

सगळ्यात मोठी गफलत होते ती त्यांच्या श्रोत्यांबद्दल. ‘टेलरांनी मराठी मुलखात हजारोंचं धर्मांतर केलं’ असं वाक्य लिहिण्याआधी थांबा. मुंबईतल्या त्यांच्या सभा मुख्यतः इंग्रजीत होत. समोर बसायचे ते बहुतांशी युरोपियन आणि अँग्लो-इंडियन, म्हणजे रेल्वेत, तारखात्यात, सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारे, नावाने आधीच ख्रिस्ती असलेले लोक. त्यांच्या घरांतून छोटे गट जमले आणि त्या गटांतून मंडळी घडली. मराठी मुलखात त्याआधी कित्येक दशकं अमेरिकन मराठी मिशन काम करत होतं. ते मेथडिस्ट नव्हतं. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा संबंध त्या मिशनशी. त्यांना टेलरांच्या परंपरेत बसवणं दोघांवरही अन्याय आहे. या दोन प्रवाहांना जोडणारा माणूस हवा असेल तर जॉर्ज बोवेन यांच्याकडे पाहा. ते १८४८ मध्ये अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत आले, ‘बॉम्बे गार्डियन’ हे नियतकालिक चालवलं, अत्यंत साधेपणाने राहिले आणि टेलर आल्यावर मेथडिस्ट मंडळीत सामील झाले. मुंबईतल्या कामाला खोली मिळाली ती बोवेन यांच्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. चरित्रात त्यांना दोन ओळींत उरकू नका.

पैशाबद्दलही भाबडेपणा नको. टेलर स्वावलंबनाचे कट्टर पुरस्कर्ते होते: न्यूयॉर्कच्या मिशनरी सोसायटीने पगार पाठवायचा नाही, ज्या मंडळीत काम चालतं तिनेच पाळकाला पोसायचं. मुंबईत हे जमलं, कारण श्रोते नोकरदार होते आणि वर्गणी देऊ शकत होते. खुद्द टेलरांचा खर्च मोठ्या प्रमाणात त्यांच्या पुस्तकांच्या विक्रीवर चाले. सॅन फ्रान्सिस्कोतलं कर्ज फेडण्यासाठी ते पुस्तकं विकत हिंडले होते, आणि ती सवय आयुष्यभर कामी आली. हा हिशेब गाळला की सगळं चमत्कारासारखं दिसतं. पुढे आफ्रिकेत हीच पद्धत फार महाग पडली. १८८५ मध्ये अंगोलात उतरलेल्या त्यांच्या तुकडीतली काही माणसं तापाने दगावली. तेही लिहा.

आणि बाजूची माणसं पुसू नका. १८६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टेलरांच्या सभांना झुंबड उडाली, पण टेलरांना तिथली खोसा भाषा येत नव्हती. लोकांपर्यंत पोचत होते ते दुभाषी चार्ल्स पाम्ला यांचे शब्द. टेलर निघून गेल्यावरही पाम्लांचं काम चालूच राहिलं, पुढे त्यांना पाळकपदाची दीक्षाही मिळाली. तसंच पत्नी ॲन यांचं. नवरा खंड ओलांडत असताना वर्षानुवर्षं घर आणि मुलं त्यांनी सांभाळली. टेलरांच्या आत्मचरित्रावर विसंबलात तर ही माणसं कडेलाच राहतील.

‘भारताचे बिशप’ असंही त्यांना म्हणू नका. १८८४ मध्ये ते मिशनरी बिशप झाले ते आफ्रिकेसाठी. तोवर भारत सोडून त्यांना जवळजवळ दहा वर्षं झाली होती.

तपशील जुळत नसतील तर काय करायचं? मेथडिस्ट पाळक एका जागी राहत नाही. त्याची नेमणूक कॉन्फरन्स, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची वार्षिक सभा, ठरवते आणि ती इतिवृत्तात छापली जाते. म्हणून एखाद्या चर्चच्या कोनशिलेपेक्षा त्या वर्षाचं इतिवृत्त आधी उघडा. टेलरांच्या बाबतीत बाल्टिमोर आणि कॅलिफोर्निया या कॉन्फरन्सच्या नोंदी लागतील, आणि इथल्या कामासाठी १८७६ पासूनच्या साउथ इंडिया कॉन्फरन्सच्या. गुलामगिरीच्या वादावरून १८४४ नंतर अमेरिकन मेथडिस्ट उत्तरी आणि दक्षिणी असे दुभंगले, हेही ध्यानात असू द्या. व्हर्जिनियाचे म्हणून टेलरांना दक्षिणी चर्चच्या कागदांत शोधाल तर ते सापडणार नाहीत.