नवा मका घेताय? आधी ओल तपासा

परतीचा पाऊस लांबला की येवला, चांदवड, मालेगाव पट्ट्यातला खरिपाचा मका ओलाच बाजारात येतो. आवक वाढते, भाव उतरतो आणि कुक्कुटपालक साठा करायला धावतात. दाणा वरून कोरडा दिसतो, आत मात्र ओल असते आणि तिनेच बुरशी धरते. साठवणुकीच्या मक्यात ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर नको.

मॉइश्चर मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मका आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या पुढे आहे, असा माल घेऊच नका. मीठ मोकळं राहिलं तरी साठवण्याआधी एक-दोन उन्हं द्याच.

बुरशी लागलेला मका वाळवून, चाळून, चांगल्या मक्यात मिसळून खपवू नका, ही कळकळीची विनंती. बुरशी मेली तरी तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष दाण्यात तसंच राहतं. खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करतानाच्या उष्णतेनेही जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले ते बुरशीच्या भुईमूग पेंडीमुळे. तेव्हा शेंगदाणा पेंडही वास घेऊन, फोडून बघून घ्या.

कोंबड्या लगेच मरतातच असं नाही. वजन येत नाही, अंडी घटतात, गंबोरो या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस देऊनही रोग येतो आणि बोल लशीला लागतो. मेलेला पक्षी फाडल्यावर यकृत सुजलेलं, पिवळट दिसलं तर आधी खाद्यावर संशय घ्या आणि पशुवैद्यकांना दाखवा.

गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. निफाडकडच्या थंडीत पहाटे पत्र्याला आतून दव धरतं आणि थेंब गोण्यांवर पडतात. वर ताडपत्री हवी, पण हवा खेळती ठेवून. भरडा आठ-दहा दिवसांपुरताच काढा. फीडरच्या तळाशी हात घालून ओली गुठळी रोज खरवडून टाका.

टॉक्सिन बाइंडर, म्हणजे खाद्यातलं विष धरून ठेवणारी पूड, वापरा, पण त्याच्या भरवशावर खराब माल घेऊ नका. बेंटोनाइट ही बाइंडरमधली माती अफ्लाटॉक्सिन धरते, पण टी-२ सारख्या बुरशीच्या इतर विषांवर तिचा फारसा उपयोग नाही.

संशय आला की ते खाद्य लगेच बंद करा. चार-पाच गोण्यांतून, वरून-खालून थोडं थोडं घेऊन कागदी पिशवीत भरा आणि प्रयोगशाळेत तपासायला द्या. बाजूला काढलेला मका गाई-म्हशींनाही घालू नका, हे विष दुधात उतरतं.