आकाशाची तिकिटं आणि नागपूरचा कूलर

ग्रहताऱ्यांची जुनी टपाल तिकिटं जमवायची तर आधी घरातल्या ट्रंका उघडा. माझं पहिलं तिकीट, 1975 चं 25 पैशांचं ‘आर्यभट’ उपग्रहाचं, मामांच्या पत्राच्या पाकिटावरच निघालं.

भारतीय तिकिटांनी सुरुवात केली तर खिशाला झेपतं. 1969 चं चंद्रावरच्या पहिल्या माणसाचं 20 पैशांचं, 1973 चं कोपर्निकसचं एक रुपयाचं, 1985 चं हॅलेच्या धूमकेतूचं. 1972 च्या आर्वी उपग्रह भूकेंद्राचंही मी यातच धरते. ते आर्वी जुन्नरकडचं, आपल्या वर्ध्याचं नव्हे! माझी नणंद आर्वीची. दोन वर्षं मी तिला कौतुकानं ते तिकीट दाखवत होते.

पाकिटावरचा शिक्का तारखेसह स्वच्छ वाचता येत असेल, तर तिकीट काढूच नका, अख्खं पाकीट जपा. नाहीतर भोवती बोटभर कागद ठेवून कापा आणि ताटलीत साध्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं सोडा. सुटेल तेव्हा आपोआप सुटतं, नखानं ओढायचं नाही. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या ताटलीत, त्याचा रंग उतरतो. टिपकागदावर पालथं वाळवा आणि मग जाड पुस्तकाखाली दाबा. पुढे हात लावायचा तो चिमट्यानंच.

जीपीओतल्या फिलाटेली ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या तिकीट-खिडकीवर, नवी तिकिटं छापील किमतीला मिळतात. जुन्यांसाठी विक्रेता गाठावा लागतो, आणि तिथे भिंग लागतं. तिकीट उजेडासमोर धरा, कागद कुठे विरळ झाला असेल तर लगेच दिसतो. कडेचे दाते चारही बाजूंनी मोजा. नागपूरच्या इतवारी बाजारात एकदा मी अमेरिकेचं 1948 चं पालोमार वेधशाळेचं तिकीट उचललं, तर दुकानदारच म्हणाला, “काहून घेता बाई, कोपऱ्यातला दाता गेला ना त्याचा!” असा दुकानदार सोडू नये.

सोव्हिएत आणि पूर्व युरोपातली अंतराळाची तिकिटं देखणी असतात, पण कोपऱ्यात नीटस शिक्का आणि मागे गोंद शाबूत असेल, तर ती टपालातून गेलेलीच नाहीत. संग्राहकांसाठी शिक्का मारून विकलेली आहेत. घ्या, पण स्वस्तात. अजमान, फुजैरा या आखाती अमिरातींच्या अपोलो संचांचंही बहुतेक तसंच.

आता आपल्या गावचं दुखणं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यानं तिकिटांचं फार बिघडत नाही, बिघडतं ते कूलरनं. एका मे महिन्यात मी हॅलेचा ठोकळा, म्हणजे एकमेकांना जोडलेली चार कोरी तिकिटं, अल्बमसकट कूलरसमोरच्या टेबलावर विसरले. आठवड्यात गोंद ओलावला आणि धूमकेतू पानाला कायमचा चिकटला. तेव्हापासून अल्बम मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात उभे असतात, आणि त्या खोलीत मी कूलर लावू देत नाही. उन्हाळ्यात पाहुणे आले की कुरकुर होते.